महालक्ष्मीच्या जेवणाआधी देवीचे आभार कसे मानावेत: इंदूरच्या मराठी घरांसाठी

भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या घरी येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर निघतात. इंदूरच्या मराठी घरांत या तीन दिवसांची तयारी कितीतरी आधी सुरू होते. मुखवटे उजळायचे, साड्या काढायच्या, सोळा भाज्यांची यादी करून चोइथराम मंडीला कोण जाणार ते ठरवायचं, पुरणाची डाळ निवडायची. हे सगळं ज्या भावनेपोटी करतो ती भावना मात्र बऱ्याच घरांत न बोललेलीच राहते. आरती होते, ‘चला, पानं वाढा’ अशी हाक येते आणि पंगत बसते. वर्षभर देवीनं जे दिलं, जे सांभाळलं, त्याबद्दल तिच्यासमोर उभं राहून कोणी एक वाक्यही बोलत नाही. मनात प्रत्येकाच्या असतं, हे मला ठाऊक आहे. पण शेजारी उभ्या असलेल्या नातवाला आजीच्या मनातलं कसं कळणार?

म्हणून हा लेख. कृतज्ञता मोठ्यानं बोलावी, आपल्या शब्दांत बोलावी आणि नेमक्या गोष्टीचं नाव घेऊन बोलावी, असं मला फार वाटतं. त्यासाठी पूजेत नवं काही घुसवावं लागत नाही. आपल्या रीतीतच त्याची जागा आहे, फक्त ती वापरायला हवी. इथे महालक्ष्मीचं जेवण समोर ठेवून लिहिलं आहे. गणपती, दसरा, पाडवा किंवा चंपाषष्ठीच्या जेवणाला थोडा फेरफार करून हेच चालेल.

आधी ठरवायच्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट वेळ. आभार मनापासून निघायचे तर कोणी भुकेनं कासावीस झालेलं नको आणि कोणी कढईपाशी अडकलेलं नको. नैवेद्य बाराला दाखवायचा असेल तर पूजा साडेदहापर्यंत सुरू करा. सकाळी मुलांना आणि घरातल्या म्हाताऱ्यांना पोहे खायला घाला. ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन आहे त्यांचं खाणं पूजेसाठी लांबवू नका. देवीला ते नको आहे.

दुसरी गोष्ट स्वयंपाक करणाऱ्यांची. ज्या बायका पहाटे चारला उठून सोळा भाज्या, कढी, आंबील, कटाची आमटी आणि पुरण करतात त्याच नेमक्या आभाराच्या वेळी आत असतात. हे अजिबात होऊ देऊ नका. वीस जणांच्या पंगतीला एक किलो हरभऱ्याच्या डाळीचं पुरण पुरतं. तुमच्या सोवळ्यात बसत असेल तर ते आदल्या रात्री शिजवून, वाटून ठेवा. पोळ्या आरतीच्या आधी लाटून भाजून होतील असं बघा. गरम हवी ती फक्त भजी. गिलकीच्या चकत्या आणि पीठ तयार ठेवायचं आणि पंगत बसल्यावर घरातल्या एका पुरुषानं तळायला उभं राहायचं. आरती सुरू होताना गॅस बंद आणि स्वयंपाकघर रिकामं, हा नियम आठ दिवस आधीच सगळ्यांना सांगून ठेवा. आयत्या वेळी तो पाळला जात नाही.

आदल्या संध्याकाळी: काय बोलायचं ते शोधणं

‘देवा, सगळ्यासाठी तुझे आभार’ हे वाक्य खोटं नसतं, पण ते म्हणताना डोळ्यांपुढे काहीच येत नाही. काय मिळालं ते शोधावं लागतं, आणि शोधायची उत्तम रीत आपल्या आवाहनातच आहे.

महालक्ष्म्या आणताना दारापासून रांगोळीची पावलं काढतो. त्या पावलांवरून त्यांना घरभर फिरवतो, धान्याची कोठी दाखवतो, दूधदुभतं दाखवतो, तिजोरी दाखवतो. कोणीतरी विचारतं, ‘महालक्ष्मी आली, कशाच्या पावलानं आली?’ आणि बाकीच्या उत्तर देतात, ‘सोन्याच्या पावलानं आली.’ या फेरीत सगळ्यांना सामील करून घ्या, पुरुषांना आणि मुलांनाही. प्रत्येक जागी थोडं थांबा आणि त्या जागी या वर्षी काय घडलं ते आठवा.

दारात: या दारातून वर्षभरात कोण आलं? नवी सून, जावई, बाळ, बऱ्याच वर्षांनी बोलायला लागलेला चुलतभाऊ. कोण सुखरूप परत आलं? दवाखान्यातून, लांबच्या प्रवासातून, नाइट शिफ्टवरून.

स्वयंपाकघरात: डबे कधी रिकामे राहिले नाहीत ना? एखाद्या महिन्यात हात आखडता घ्यावा लागला असेल तर तो महिना कसा निघाला, कोणी मदत केली, तेही आठवा.

नळापाशी थांबायला मी मुद्दाम सांगते. इंदूरच्या नळाला येणारं पाणी जलूदहून नर्मदेतून उचलून, विंध्याचा चढ चढवून, साधारण सत्तर किलोमीटर लांबून येतं. त्यासाठी १९७० मध्ये या शहरातल्या लोकांनी आंदोलन केलं आणि १९७८ मध्ये नर्मदा इंदुरात आली. घरात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर त्याआधी पाण्याचे काय हाल होते ते त्यांना मुलांना सांगायला लावा. एवढं ऐकल्यावर पाण्यासाठी आभार मानायला मुलांना शिकवावं लागत नाही.

औषधांच्या कपाटापाशी, अभ्यासाच्या टेबलापाशी, दुकानाच्या किल्ल्या टांगतो त्या खिळ्यापाशी असंच थांबा. फेरी संपल्यावर प्रत्येकानं एकच गोष्ट निवडायची. एकच, हे महत्त्वाचं. ती कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून ठेवली तर उत्तम, विशेषतः ज्यांना चारचौघांत बोलायची सवय नाही त्यांनी.

वाक्य कसं असावं? दोन भाग पुरे: काय झालं आणि ते मी तुझं देणं समजतो. काही नमुने देते.

‘आई, बाबांचं बायपास झालं आणि आज ते माझ्या शेजारी उभे आहेत. तुझे उपकार आहेत.’

‘मला गणिताची भीती वाटायची, या वर्षी कमी झाली. तुझ्यामुळे, आणि काकूनं रोज शिकवलं म्हणून.’

‘जुनी नोकरी सुटली तेव्हा चार महिने घर दादानं चालवलं. असा भाऊ तू दिलास.’

शेवटच्या दोन वाक्यांत माणसांची नावं आली आहेत, ती येऊ द्या. देवी देते ती बहुतेक वेळा कोणाच्या तरी हातून देते. त्या माणसाचं नाव तिच्यासमोर घेतलं तर तिला कमीपणा येत नाही.

मुलं हिंदीत बोलली तर बोलू द्या. आपली इथली बरीच मुलं घरात मराठी ऐकतात, शाळेत आणि गल्लीत हिंदी बोलतात, आणि मनातलं बोलायची वेळ आली की हिंदीच ओठांवर येते. त्या क्षणी ‘मराठीत बोल’ म्हणून टोकू नका. मराठीसाठी वर्षाचे बाकीचे दिवस आहेत.

नैवेद्याचं पान

हे आपल्याला येतंच, पण नव्यानं घर मांडलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. देवीसमोरची जागा पुसून पाण्यानं चौकोनी मंडल करा आणि त्यावर पान ठेवा. पानाच्या वरच्या टोकाला मध्ये मीठ, डाव्या बाजूला लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजव्या बाजूला भाज्या, खाली मध्यभागी भाताची मूद, त्यावर साधं वरण आणि तूप. पुरणपोळी, कढी, आंबील, खीर आपापल्या जागी. देवीच्या आधी कोणी काही चाखायचं नाही, हे तर लहानपणापासून ऐकतो. मीठ बरोबर आहे की नाही या काळजीनं जी बाई अर्धी होते तिला मी एवढंच सांगेन, की अंदाजानं घातलेलं मीठ देवी गोड मानून घेते.

प्रत्येक पदार्थावर तुळशीचं पान किंवा तुमच्या घरच्या रीतीप्रमाणे फूल ठेवा. पानाभोवती पाणी फिरवताना दिवसा ‘सत्यं त्वर्तेन परिषिंचामि’ म्हणतात, रात्री ‘ऋतं त्वा सत्येन परिषिंचामि’. मग प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा, व्यानाय स्वाहा, उदानाय स्वाहा, समानाय स्वाहा, ब्रह्मणे स्वाहा असं म्हणत सहा वेळा नैवेद्य दाखवायचा, मध्ये पाणी द्यायचं, पुन्हा सहा वेळा दाखवायचा. मंत्र येत नसतील तर डोळे मिटून ‘आई, तुझंच तुला आणलंय, गोड करून घे’ एवढं म्हणा. नैवेद्यानंतर क्षणभर सगळ्यांनी मान खाली घालून शांत राहावं. तिला जेवायला वेळ द्यायचा असतो.

फूल हातात असताना

खरी जागा इथे आहे. पुरणाच्या दिव्यांनी आरती होते, मंत्रपुष्पांजलीसाठी प्रत्येकाच्या हातात फूल आणि अक्षता दिलेल्या असतात. सगळे उभे, सगळ्यांची तोंडं देवीकडे, कोणाच्या हातात मोबाइल नाही. एरवी पुष्पांजली संपली की सगळे एकदम पुढे सरकतात आणि फुलं वाहून मोकळे होतात. त्याऐवजी एकेकानं पुढे जायचं, आपलं एक वाक्य बोलायचं, फूल वाहायचं, नमस्कार करून बाजूला व्हायचं. वीस माणसांना सात-आठ मिनिटं लागतात. पंगत अजून वाढलेली नसते, त्यामुळे काही गार होत नाही. आभार पानावर बसल्यावर मानायचे ठरवलं तर वरणावर साय धरते आणि लोकांचं लक्ष पुरणपोळीकडे जातं, म्हणून मी ही जागा सुचवते.

सुरुवात सगळ्यात लहानापासून करा. मोठ्यांचं आधी ऐकलं की मुलं त्यांचीच वाक्यं गिरवतात. लहान मूल ‘मला सायकल मिळाली’ म्हणालं तर हसू नका, त्याच्यासाठी ती सायकल खरोखर मोठी आहे. त्यानं एवढ्या धिटाईनं देवीला सांगितल्यावर मोठ्यांनाही खरं बोलावंसं वाटतं. शेवट घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्यांनी करावा. त्यांना उभं राहवत नसेल तर खुर्ची देवीजवळ आधीच मांडून ठेवा.

सवाष्ण म्हणून कोणाला जेवायला सांगायचं, ओटी कोणाची भरायची, हे ज्याच्या त्याच्या कुळाचाराप्रमाणे होवो. पण आभाराच्या या रांगेत घरातली विधवा काकू, आत्या, आजी मागे भिंतीला टेकून उभी राहता कामा नये. तिला हाताला धरून पुढे आणा. बहुतेक घरांत तिच्याइतकं देवीशी रोज बोलणारं दुसरं कोणी नसतं. या एका बाबतीत मी कोणत्याही रीतीची भीड धरणार नाही.

ज्याला बोलायचं नाही त्यानं नुसतं फूल वाहावं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना तर ही मोकळीक द्याच. जबरदस्तीनं वदवून घेतलेलं वाक्य त्यांना पुढची अनेक वर्षं टोचत राहतं. देव न मानणारा कोणी घरात असेल, किंवा दुसऱ्या धर्माची सून-जावई असेल, तर त्यांनी या वर्षी ज्या माणसाचे उपकार वाटतात त्याचं नाव घ्यावं. ते तिथे उभे आहेत, त्यांनी फूल हातात घेतलं आहे, एवढ्यानंही देवी प्रसन्न व्हावी.

तीन गोष्टी मात्र टाळा. मार्क, पगार, नव्या फ्लॅटचा भाव असे आकडे सांगू नका. ऐकणाऱ्यांत कोणाचं वर्ष कसं गेलं ते आपल्याला माहीत नसतं. ‘तू हे दिलंस, आता तेवढं दे’ असं मागणं जोडू नका, मागायला रोजची संध्याकाळ आहे. आणि चित्रीकरण करू नका. कॅमेरा समोर आला की माणूस देवीशी बोलायचं सोडून कॅमेऱ्याशी बोलतो.

वर्ष दुःखाचं गेलं असेल तर

सुतक असेल तर सण होत नाही, आणि घरात कोणी गेल्यावर वर्षभर काय करायचं आणि काय नाही ते प्रत्येक घरचं वेगळं असतं. तिथे वडीलधाऱ्यांचं ऐकावं. मी बोलते आहे ते ज्या घरात सण होतो आहे पण मन होत नाही त्या घराबद्दल.

अशा घरात आनंदाचं अवसान आणू नका. ‘देव करतो ते भल्यासाठीच’ हे वाक्य ज्याचं माणूस गेलं त्यानं स्वतः म्हटलं तर ठीक, दुसऱ्यानं त्याला ऐकवू नये. गेलेल्या माणसाबद्दल आभार मानता येतात, आणि ते फार खरे असतात. ‘आई, आजी गेली. पुरण कधी झालं ते पळी उभी करून बघायला तिनं मला शिकवलं. अशी आजी इतकी वर्षं दिलीस.’ बोलताना रडू आलं तर येऊ द्या. कोणी लगेच डोळे पुसायला धावू नका, रांग थोडी थांबू द्या. एखाद्याला त्या वर्षी कशाबद्दलच आभार वाटत नसतील, देवीवर राग असेल, तर त्यानं तेही फूल वाहताना मनात सांगावं. आईवर रागावलेलं लेकरू आईपाशीच उभं राहतं.

पंगतीत

आता पानं वाढायची. पहिल्या पंगतीला स्वयंपाक करणाऱ्या बायका बसल्या पाहिजेत आणि वाढायला पुरुष आणि मोठी मुलं. ‘आम्ही मागाहून बसतो, सवय आहे’ असं त्या म्हणतीलच. ऐकू नका, पाटावर नेऊन बसवा. देवीला अन्नपूर्णा म्हणायचं आणि प्रत्यक्ष अन्न रांधणारीला गार पोळी खायला लावायची, हे आभार मानल्यासारखं होत नाही.

पान वाढून झाल्यावर, भातावर तूप पडल्यावर, घरातल्या एकानं सगळ्यांच्या वतीनं प्रार्थना म्हणावी. एक मिनिटाहून मोठी नको. मी एक लिहून देते, आपापल्या घराप्रमाणे बदलून घ्या:

‘आई महालक्ष्मी, तुझ्या प्रसादाचं पान आमच्यासमोर आहे. पाऊस तू दिलास, माळव्याच्या काळ्या मातीत पीक तू उभं केलंस. शेतात राबणारे, मंडीत ओझी उचलणारे, पहाटेपासून चुलीपाशी उभे असलेले हात तुझेच आहेत. नर्मदामाई आमच्या घरापर्यंत आली. या घरात कोणी उपाशी झोपलं नाही, हे तुझं देणं. आज पंगतीत आहेत त्यांना सुखात ठेव, जे नाहीत त्यांची आठवण आमच्यात राहू दे. ज्या घरी आज चूल पेटली नसेल तिथेही जा. हे अन्न आम्ही तुझं म्हणून घेतो.’

मग सगळ्यांनी मिळून ‘वदनी कवळ घेता’ म्हणायचं. हा श्लोक शाळकरी मुलांनाही येतो, म्हणून त्याची सुरुवात मुलांना करू द्या. ज्यांची मुंज झाली आहे आणि ज्यांच्याकडे रीत आहे ते आपोशन घेतील, चित्राहुती घालतील, तेवढा वेळ बाकीच्यांनी थांबावं. शेवटी ‘पार्वतीपते हर हर महादेव’ असा गजर झाला की पहिला घास.

जेवताना एक गोष्ट ठरवून करा. आग्रह करणाऱ्यानं ‘अजून एक पोळी घ्या’ म्हणायच्या आधी ती पोळी कोणी केली ते सांगावं. ‘ही मंदाकाकूच्या हातची आंबील’, ‘हे पडवळ धाकट्या सुनेनं पहिल्यांदाच केलंय’. आणि जेवणारा उठताना ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणतो, तेव्हा त्यानं त्या बाईकडे बघून म्हणावं.

पानावर नसलेल्यांसाठी

आपली मुलं देशोदेशी आहेत. इंदुरात दुपारचे बारा वाजतात तेव्हा त्या दिवसांत लंडनला सकाळचे साडेसात असतात, जर्मनीत साडेआठ, न्यूयॉर्कला पहाटेचे अडीच आणि कॅलिफोर्नियात आदल्या रात्रीचे साडेअकरा. युरोपातल्यांना फोनवर रांगेत घ्या, त्यांचं फूल इथे दुसऱ्यानं वाहावं. अमेरिकेतल्यांना पहाटे उठवू नका. त्यांचं वाक्य आवाजात आधीच मागवून ठेवा आणि त्यांचा नंबर आला की लावा.

घरात कामाला येणाऱ्या ताई, सोसायटीचे चौकीदार, कचऱ्याच्या पिवळ्या गाडीवरचे लोक, यांची पानं आपल्या पंगतीच्या आधी काढा. २०१७ पासून स्वच्छतेत आपल्या शहराचं नाव वर असतं ते सणाच्या दिवशीही कामावर येणाऱ्या या माणसांमुळे. त्यांना गरम पुरणपोळी तुपासकट द्या, संध्याकाळी उरलेलं बांधून देऊ नका. अहिल्याबाईंनी तीर्थाच्या ठिकाणी अन्नछत्रं घातली, त्यांच्या शहरात एवढं तर व्हायलाच हवं. गायीचा घास आणि शेजारच्या माळवी काकूंचं ताटही याच वेळी जाऊ द्या.

मूळ नक्षत्राच्या दिवशी

तिसऱ्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य दाखवून, अक्षता टाकून निरोप देतो. ज्येष्ठेच्या दिवशी जो बोलला नाही, ज्याला ऑफिसमुळे उशीर झाला, त्यानं आपलं वाक्य आज बोलावं. वाहिलेली फुलं कचऱ्यात न टाकता घरच्या कुंड्यांत मुरवा. चिठ्ठ्या लिहिल्या असतील तर एका वहीत तारीख घालून चिकटवा, सोबत त्या वर्षी पंगतीला कोण कोण होतं, कोण काय बोललं, डाळ किती लागली आणि कोणती भाजी कमी पडली तेही लिहा. वही मुखवट्यांच्या पेटीतच ठेवा, म्हणजे पुढच्या भाद्रपदात यादी करायला बसाल तेव्हा आधी तीच हाती लागेल.